सामायिक उपकरण कक्षाची नोंदवही : जानेवारी ते डिसेंबर २०२४

८ जानेवारी २०२४

मंजुरीचं पत्र आलं. मागितल्यापेक्षा कमी, अपेक्षेपेक्षा जास्त. अट एकच, पण जाचक: पैसा फक्त यंत्रांवर. वायरिंग, फर्निचर, पगार यांतलं काहीही यातून नाही. म्हणजे यंत्र मिळेल, ते ज्या भिंतीला टेकणार त्या भिंतीतला प्लग मात्र विद्यापीठाकडे वेगळा मागायचा.

प्रथिनांची रचना अभ्यासणाऱ्या आमच्या कक्षाची आजची स्थिती लिहून ठेवते, नंतर वाद नको. प्रथिनं शुद्ध करणाऱ्या यंत्राचे, एफपीएलसीचे, पंप ठणठणीत, पण यूव्ही मॉनिटरचा पाऱ्याचा दिवा गेलेला आणि त्या मॉडेलचे सुटे भाग आता बनत नाहीत. त्याचं सॉफ्टवेअर चालतं विंडोज एक्सपीवर. डेटा पेन ड्राइव्हनं काढायचा. प्रथिनाची घडी प्रकाशानं तपासणाऱ्या सीडी स्पेक्ट्रोमीटरचं ऑप्टिक्स चांगलं, झेनॉन दिवा थकलेला. २०० नॅनोमीटरच्या खाली नुसतं गोंगाटाचं गवत उगवतं. कणांचा आकार मोजणारं डीएलएस चालू. उणे ८० चा फ्रीझर चालू, पण कॉम्प्रेसर खोकतो. प्रथिनांचे स्फटिक वाढवायच्या प्लेटा ठेवायला स्वतंत्र जागाच नाही, त्या विद्यार्थ्यांच्या कपाटात असतात.

वापरणारे मात्र तीन जिल्ह्यांतले. नंदुरबारहून पहाटेची गाडी पकडून आलेला मुलगा, "दिवा गेलाय" ऐकून परत गेलेला, मी पाहिला आहे.

१७ जानेवारी

बैठक. अपेक्षेप्रमाणे एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटरवरून, म्हणजे स्फटिकावर एक्स-रे सोडून रचना काढणाऱ्या यंत्रावरून, जुंपली. भौतिकशास्त्राच्या सरांचं म्हणणं, रचनात्मक जीवशास्त्राचा कक्ष म्हणवता आणि घरचा एक्स-रे स्रोत नाही, हे शोभत नाही. शोभेचा मुद्दा मला कधीच पटत नाही, पण त्यांची दुसरी बाजू खरी आहे: स्फटिक हाताशी असताना तो तिथल्या तिथे तपासता आला तर विद्यार्थी दहापट लवकर शिकतो.

माझी बाजू अशी मांडली. घरच्या स्रोताला चिलर लागतो, चिलरला मऊ पाणी लागतं आणि आमच्या बोअरच्या पाण्यानं किटलीतसुद्धा दगड साचतो. अखंड वीज लागते. वॉरंटी संपल्यावर दर वर्षी देखभालीचा करार लागतो आणि त्याला पैसे कोण देणार याचं उत्तर मंजुरीपत्रात नाही. शिवाय तांब्याचा स्रोत एकाच तरंगलांबीचे, १.५४ अँगस्ट्रॉमचे किरण देतो. प्रथिनात सेलेनियम घालून फेज (लहरींची अवस्था, जिच्याशिवाय रचना उभी राहत नाही) काढायचे तर १२.६६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ऊर्जा हवी तशी सरकवता आली पाहिजे, आणि ते सिंक्रोट्रॉनवरच, म्हणजे वर्तुळात फिरवलेल्या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावरच, होतं. तो सिंक्रोट्रॉन आम्हाला मुंबईपेक्षा जवळ आहे. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा, आणि त्यावर प्रथिन स्फटिकांसाठी किरणांची वेगळी वाट, बीमलाइन, आहे, बीएल-२१. धुळ्याहून आग्रा रोडनं सरळ.

विभागप्रमुख सर म्हणाले, "म्हणजे स्फटिक आपले, किरण त्यांचे." बरोबर तेच.

मग संगणकवाल्यांचा प्रश्न आला: प्रथिनाच्या रचनेचं भाकीत करणारं आल्फाफोल्ड असताना हे सगळं कशाला? विचारणाऱ्याचा सूर खवचट होता, प्रश्न मात्र रास्त आहे. २०२० च्या स्पर्धेत त्या प्रणालीनं सगळ्यांना मागे टाकलं आणि २०२२ पासून २० कोटींहून अधिक प्रथिनांची भाकितं फुकट उपलब्ध आहेत. प्रयोगानं काढलेल्या रचनांची संख्या गेल्या वर्षी कुठे दोन लाखांवर गेली. मी एवढंच म्हटलं की भाकीत शिकलं तेही अशाच प्रयोगानं काढलेल्या रचनांवर, आणि आपल्याकडचे निम्मे प्रश्न "हे प्रथिन या रेणूला कसं धरतं", "ते एकटं असतं की जोडीनं" असे असतात. त्यांना शुद्ध प्रथिन लागतं. शुद्ध प्रथिनाला चालू एफपीएलसी लागतो.

ठरलं: नवा एफपीएलसी, थंड कपाटासह. सीडीची पूर्ण दुरुस्ती आणि तापमान नियंत्रक. स्फटिकांसाठी २० अंशांचं इन्क्युबेटर व चांगला सूक्ष्मदर्शक. स्फटिक गोठवून नेण्याची सामग्री: स्फटिक उचलायचे लूप, ते ठेवायचे पक, प्रवासाचं थंड भांडं म्हणजे ड्राय शिपर. नवा फ्रीझर. डिफ्रॅक्टोमीटर नाही. भौतिकशास्त्राचे सर चहा न घेता गेले.

२ फेब्रुवारी

स्पेसिफिकेशन लिहिणं ही साहित्यातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत धोकादायक शाखा. फार मोघम लिहिलं तर कोणीही काहीही आणून देतो. फार नेमकं लिहिलं तर "अटी एकाच कंपनीच्या मापाच्या आहेत" अशी तक्रार येते. आज पंपाचा प्रवाह, दाबाची मर्यादा, यूव्ही एकाच वेळी किमान तीन तरंगलांबींवर, चालकता आणि पीएचचा मापक, एवढं लिहिलं. त्याखाली ज्या ओळी मला खऱ्या महत्त्वाच्या वाटतात त्या: सुटे भाग किमान दहा वर्षं मिळतील याची लेखी हमी, सॉफ्टवेअरचे सुधारित रूप वॉरंटीत मोफत, पंप सील, फिल्टर आणि दिवा बदलायचं प्रशिक्षण आमच्या माणसाला, आमच्या यंत्रावर.

लेखा विभागाचा फोन: जीएसटी १८ टक्के धरला का? संशोधन संस्थांची ५ टक्क्यांची सवलत २०२२ च्या जुलैतच गेली. प्रस्ताव त्याआधी लिहिलेला होता. फरकापायी सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा यादीतून कापला.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. तालुक्याच्या शाळेतली मुलं आली. सगळ्यांना द्रव नायट्रोजनमध्ये फूल बुडवून चुरडायचं होतं. एकीनं विचारलं, "मॅडम, प्रथिन दिसत नाही तर ते शुद्ध झालं हे कळतं कसं?" बाकीच्या दिवसाचं सोनं झालं.

१५ मार्च

ऑर्डर निघाली. लोकसभेची आचारसंहिता कोणत्याही क्षणी लागणार म्हणून गेला आठवडाभर फाइल घेऊन मी जिन्यावरच राहिले. खरेदी समिती, तुलनात्मक तक्ता, वित्त, कुलसचिव. शेवटची सही संध्याकाळी मिळाली. आज निघाली नसती तर जूनवर गेली असती, आणि मार्चएंडला "खर्च का नाही" हे पत्र वेगळं.

१२ एप्रिल

पुरवठादाराचा इंजिनिअर जागा पाहायला आला. यंत्र यायला वेळ आहे, पण जागेचा दाखला आधी हवा. त्यानं मल्टिमीटर काढून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब मोजला. २ व्होल्टच्या आत हवा. आमचा त्याच्या कितीतरी वर निघाला. "हे नीट होईपर्यंत मी यंत्र चालू करणार नाही," असं त्यानं अहवालात लिहून दिलं. राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं. जुन्या एफपीएलसीचा संवेदक अधूनमधून का बहकायचा हे एका वाक्यात कळलं.

आमच्या वायरमन आप्पांनी मागे नेऊन अर्थिंगचा खड्डा दाखवला. झाकण उघडलं. आत कोळसा, मिठाचा पांढरा थर, आणि मातीला हात जाईल एवढी भेग. आप्पा म्हणाले, "मॅडम, खड्डामा पानी नही, ते करंट जाई कोठे?"

हे खानदेशाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की पट्टीभोवतीची माती पट्टीला सोडून देते. ओल गेली की मातीचा विरोध वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उत्तम, आणि यंत्रं नेमकी उन्हाळ्यात जळतात. मागच्या तपासणीचा दाखला पाहिला: तारीख ऑगस्टची.

ठरलं: कक्षासाठी स्वतंत्र दोन खड्डे, खोल, मीठ-कोळशाऐवजी ओल धरून ठेवणारं भरण, आणि तपासणी दर वर्षी मेमध्ये. शेवटचा मुद्दा मी लाल शाईनं लिहिला आहे. खर्च यंत्रांच्या खात्यातून नाही, म्हणून पुन्हा जिना.

१० मे

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. कक्ष बंद. वसतिगृहाच्या मुली झोक्याला गावी गेल्या. तंत्रसहायक दादांना १३ तारखेच्या मतदानाची ड्युटी लागली आहे, ते उद्यापासून प्रशिक्षणाला. दोन दिवसांपूर्वी आल्फाफोल्डची तिसरी आवृत्ती जाहीर झाली. ती आता प्रथिनाबरोबर लहान रेणूंचीही जागा सांगते म्हणे. संगणकवाल्या सरांनी बातमी मला पाठवली, खाली एक हसरा चेहरा. जानेवारीतला माझा युक्तिवाद थोडा अरुंद झाला हे मान्य. पण भाकितात रेणू बसला म्हणून तो परीक्षानळीत बसतो असं नाही, ते बघायला पुन्हा इथेच यायचं.

२४ मे

पारा ४५ च्या पुढे. जिल्ह्यात दुपारी रस्ते ओस. अर्थिंगचं काम झालं, आज भर उन्हात मोजलं: न्यूट्रल-अर्थ दाब १ व्होल्टच्या खाली. आप्पांना पेढे.

द्रव नायट्रोजनचा प्रश्न मात्र या उन्हात उघडा पडला. उणे १९६ अंशांना उकळणारी वस्तू ४५ अंशांच्या गावात ठेवायची, तेव्हा भांडं जितकं चांगलं तितकंच नायट्रोजनचं आयुष्य. आमच्या जुन्या देवारचा (दुहेरी भिंतीच्या भांड्याचा) निर्वात थर सैलावला असावा. बाहेरून बर्फाचा पट्टा येतो ती खूण. मोठ्या शहरातून सिलिंडर मागवायचे तर वाटेतच बरंच उडतं.

उपाय मिळाला तो गोठ्याच्या वाटेनं. दादांचे मेहुणे दूध संघाच्या गावांत कृत्रिम रेतनाचं काम करतात. गाई-म्हशींसाठीच्या वीर्यकांड्या द्रव नायट्रोजनच्या जारमध्येच राहतात, आणि ते जार भरून देणारी गाडी ठरलेल्या दिवशी तालुक्यात फिरते. तीच गाडी आता आमच्या फाटकावर थांबेल. माप, दर, पावती सगळं रीतसर. जिल्ह्यात अतिशीत साठवणुकीचं जाळं कित्येक वर्षं आहे आणि विद्यापीठाला त्याचा पत्ता नव्हता.

खोलीत ऑक्सिजन मापक बसवला, १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ओरडतो. एक लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि एसीसाठी आम्ही खिडक्या बंद करून बसतो, त्यामुळे यावर वाद घालायला कोणाला सवड दिली नाही.

९ जुलै

यंत्र आलं. पेट्या उतरवताना धो धो पाऊस. ट्रक चिखलात रुतला, मग शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर. पेटीवरचे कलंडल्याची खूण दाखवणारे बिल्ले पाहिले, सगळे जसेच्या तसे. फोटो काढून ठेवले. पेट्या उघडायच्या नाहीत, इंजिनिअर आल्यावरच. आप्पा बाजूला उभे राहून म्हणाले, "मशीन ते उनं, पन लाईट कोठे शे?" वीज सकाळपासून नव्हती.

१८ जुलै

स्थापना पूर्ण. यूपीएसवर एफपीएलसी, संगणक आणि थंड कपाटातला दिवा. कपाटाचा कॉम्प्रेसर मुद्दाम यूपीएसबाहेर, नाहीतर बॅटऱ्या अर्ध्या तासात बसतील. कपाट बंद असेल तर तेवढा वेळ थंडावा टिकतो.

सुपरडेक्स २०० कॉलम, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी मण्यांची नळी, चढवला, २४ मिलिलिटरचा. आकार माहीत असलेली प्रमाण प्रथिनं सोडली: आधी ब्लू डेक्स्ट्रान, ते ८ मिलिलिटरच्या सुमारास बाहेर आलं, म्हणजे मण्यांच्या बाहेरची जागा तेवढी. मग फेरिटिन ४४० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), अल्डोलेज १५८, कोनाल्ब्युमिन ७५, ओव्हाल्ब्युमिन ४४, कार्बॉनिक अॅनहायड्रेज २९, रायबोन्यूक्लिएज १३.७. मोठं आधी, लहान नंतर. लहान रेणू मण्यांच्या भोकांतून हिंडत येतात म्हणून उशिरा. पडद्यावर ओळीनं शिखरं उभी राहिली. विद्यार्थी टाळ्या वाजवत होते, इंजिनिअर लाजला.

दादांनी त्याच्या देखरेखीखाली पंपाचं सील स्वतः काढून पुन्हा बसवलं. वाचायच्या सूचनेपेक्षा हा अर्धा तास मोलाचा. भिंतीवर चिकटवलेला नियम: प्रत्येक बफर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून, वायू काढून; काम झालं की पाणी, मग २० टक्के इथेनॉल. मीठ पंपात सुकू दिलं की सील गेलं.

६ ऑगस्ट

चाचणीचं प्रथिन म्हणून केळ्यातलं लेक्टिन (साखरेला धरणारं प्रथिन) घेतलं आहे. रावेरची संशोधक विद्यार्थिनी त्यावर काम करते. घरची केळीची बाग आहे, कच्चा माल डब्यातून येतो. निवड भावनेपोटी नाही. या लेक्टिनची रचना २००५ मध्येच प्रसिद्ध झाली, त्यातलं एक काम बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एम. विजयन यांच्या गटाचं. घडी माहीत, आकार माहीत: १५ किलोडाल्टनची साखळी, दोघी मिळून ३० ची जोडी, मॅनोजसारख्या साखरेला धरते. उत्तर माहीत असलेलं गणित सोडवताना चूक कुठे झाली ते कळतं.

आणि आज उत्तर चुकलं. ३० किलोडाल्टनची जोडी कार्बॉनिक अॅनहायड्रेजच्या शेजारी यायला हवी. ती आलीच नाही. सगळे थांबले. कॉलमचं पूर्ण आकारमान संपलं, मीठही बाहेर पडलं, आणि त्यानंतर एक बसकं, पसरट शिखर. पाण्याच्या रेणूपेक्षा लहान प्रथिन! नवं यंत्र नादुरुस्त, असा निकाल दारातूनच दोघांनी दिला. एकानं पुरवठादाराला फोनही लावला होता.

तिनं मात्र शांतपणे विचारलं, "मॅडम, हा कॉलम कशाचा आहे?" अॅगरोज आणि डेक्स्ट्रानचा. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजची साखळी. आणि आम्ही त्यातून साखर पकडणारं प्रथिन सोडत होतो! हेच लेक्टिन शुद्ध करायची जुनी रीत तरी काय आहे: सेफाडेक्सवर अडकवायचं आणि साखर ओतून सोडवायचं. सेफाडेक्सही डेक्स्ट्रानचाच. आमचं प्रथिन वाटेतल्या प्रत्येक मण्याशी हात मिळवत येत होतं.

८ ऑगस्ट

बफरमध्ये ०.२ मोलर मॅनोज. शिखर अरुंद, टोकदार, २९ च्या शेजारी. फोन केलेल्यानं पुरवठादाराला पुन्हा फोन केला.

नोंदवहीत नवा रकाना काढला: "नमुना साखरेला चिकटतो का?" हसण्यावारी नेऊ नये. सामायिक कॉलमवर एकाचं प्रथिन अडकून राहिलं तर दुसऱ्याच्या प्रयोगात उगवतं.

११ ऑगस्ट

कानबाई, खानदेशातला देवीचा सण. रोटांचा दिवस, कक्षात कुत्रंही नाही. फ्रीझरचं तापमान फोनवर बघितलं, ठीक.

२० ऑगस्ट

सीडीचा नवा झेनॉन दिवा. लावण्याआधी नायट्रोजन पुरेसा वेळ सोडायचा, नाहीतर त्या प्रकाशात हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो आणि आरसे खातो. मागचा दिवा अकाली थकण्यात याचा वाटा असावा असा माझा संशय. जुन्या नोंदवहीत "नायट्रोजन संपला, तरी रन घेतला" अशा ओळी आहेत आणि त्यांखाली सह्या नाहीत.

यंत्र जुळवायला अमोनियम कॅम्फरसल्फोनेटचं ०.०६ टक्के द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये: २९०.५ नॅनोमीटरला १९०.४ मिलिडिग्री यायला हवं. आधी थोडं कमी आलं, जुळवून घेतलं. मग लेक्टिनचा वर्णपट. हेलिक्सवाल्या, म्हणजे मळसूत्री घडीच्या, प्रथिनाला २०८ आणि २२२ ला दोन खळगे असतात, तसे याला नाहीत. सगळं बीटा पट्ट्यांचं. १९० पर्यंत रेघ स्वच्छ. वर्षभरानं असं काही पाहिलं.

दुपारी फार्मसी महाविद्यालयाचे विद्यार्थी नमुने घेऊन आले, बफरमध्ये इमिडाझोल आणि भरपूर सोडियम क्लोराइड. इमिडाझोल अतिनील गिळतं, क्लोराइडही २०० च्या खाली गिळतं; डिटेक्टरचा विद्युतदाब चढतो आणि रेघ म्हणजे निव्वळ गोंगाट. त्यांना फॉस्फेट बफरमध्ये डायलिसिस करायला बसवलं. नमुना परत पाठवायचा नाही, इथेच सुधारायचा, असं मी ठरवलं आहे. येण्याजाण्यातच त्यांचा दिवस जातो.

२ सप्टेंबर

पोळा. नायट्रोजनवाला सकाळीच येऊन गेला, त्याला बैल सजवायचे होते.

दुपारी वापराच्या नियमांची बैठक. सगळ्या प्रकल्पातली सर्वांत तापलेली. मुद्दा दराचा. एक बाजू म्हणते, विद्यापीठाच्या विद्यार्थ्याकडून पैसे घेणं चूक. मी म्हणते, दिव्याचे तास फुकट नसतात, कॉलम वापरानं झिजतो आणि जे फुकट असतं ते कोणी पुसून ठेवत नाही. शेवटी: आतल्यांना नाममात्र, बाहेरच्या महाविद्यालयांना थोडा अधिक, उद्योगांना पूर्ण. आणि ज्यासाठी मी भांडले ते: जमा होणारी रक्कम कक्षाच्या खात्यातच राहील, सर्वसाधारण निधीत जाणार नाही. वित्त अधिकाऱ्यांनी मान डोलावली. लेखी आल्याशिवाय मी ते धरत नाही.

आय-स्टेम पोर्टलवर यंत्रांची नोंदणी केली. देशातल्या संशोधन यंत्रांच्या वाटणीसाठी २०२० पासून ते आहे. आता अकोल्याचा किंवा बऱ्हाणपूरचा माणूसही वेळ मागू शकतो.

१९ सप्टेंबर

स्फटिक. आधी एम.एस्सी.च्या वर्गाला लायसोझाइम दिलं: कोंबडीच्या अंड्यातलं, अॅसिटेट बफर, मीठ, वर झाकण, कडेला ग्रीस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या प्लेटांत चौकोनी खडे. हे प्रथिन इतकं समंजस आहे की माणसाला गर्व होतो.

लेक्टिननं तो उतरवला. ९६ वेगवेगळ्या द्रावणांची (अटींची) प्लेट, प्रत्येक थेंब मायक्रोलिटरचा, हातानं. बहुतेक स्वच्छ, काही तपकिरी गाळ. तो गाळ केळ्याच्या काळेपणाचा. गर वाटताना फिनॉल जळतात आणि प्रथिनाला चिकटतात. रावेरच्या विद्यार्थिनीनं वाटण्याची पद्धत बदलली: सगळं बर्फात, अॅस्कॉर्बिक आम्ल आणि पीव्हीपीपी (फिनॉल शोषणारी भुकटी) घालून. नव्या बॅचचं डीएलएस एकसारखं आलं. आज पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या दोन थेंबांत बारीक सुया.

या आठवड्यात वीज गेली तेव्हा इन्क्युबेटर तासभर यूपीएसवर २० अंशांनाच राहिला. कपाटाच्या काळात ऑक्टोबर हीटमध्ये प्लेटा रोज सकाळ-संध्याकाळ वर-खाली व्हायच्या आणि आम्ही प्रथिनाला दोष द्यायचो.

९ ऑक्टोबर

रसायनशास्त्राचं नोबेल: निम्मं डेव्हिड बेकर यांना, निम्मं डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना. संगणकवाल्या सरांनी पेढे वाटले, मी दोन घेतले. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, त्यांच्या मुलाच्या प्रकल्पातलं प्रथिन एफपीएलसीवर कधी लावता येईल. बुधवारची वेळ दिली, दर लागू.

सुयांचे आता खडे झाले आहेत. इंदूरचा बीम टाइम, म्हणजे बीमलाइनवरची आमची वेळ, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला.

११ नोव्हेंबर

गोठवण्याची तयारी. स्फटिक आहे त्या द्रावात गोठवला तर पाण्याचा बर्फ होतो आणि एक्स-रेमध्ये तोच चमकतो, म्हणून गोठणरोधक. सवयीनं सगळे ग्लिसरॉल घेतात. इथे तो नको: ग्लिसरॉल हायड्रॉक्सिल गटांनी भरलेला, लेक्टिनच्या साखरेच्या खाचेत जाऊन बसू शकतो, आणि आम्हाला ती खाचच पाहायची आहे. इथिलीन ग्लायकॉलही निर्दोष नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ४०० वाढवत नेलं, थेंब काचेसारखा पारदर्शक गोठला.

ड्राय शिपर भरून रात्रभर मुरू दिला. आत सच्छिद्र पदार्थ नायट्रोजन शोषून धरतो. जास्तीचा ओतून टाकायचा. भांडं आडवं झालं तरी सांडत नाही.

१३ नोव्हेंबर

रावेरची विद्यार्थिनी आणि मी इंदूरला निघालो. मागच्या सीटवर शिपर पट्ट्यानं बांधलेला, खिडक्या अर्ध्या उघड्या. शिरपूर ओलांडलं, पळासनेरला सीमेवर गाडी अडवली. विधानसभेचं मतदान २० तारखेला, नाक्यावर पथकं रोकड आणि दारू शोधत होती. आमच्या मागच्या सीटवर मोठा चंदेरी पिंप, झाकणातून पांढरा धूर. "काय आहे यात?" केळ्याचं प्रथिन, असं तिनं खरं ते सांगितलं. साहेबांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. झाकण उघडून दाखवलं, हात घालू नका म्हटलं. विद्यापीठाचं पत्र, बीम टाइमचा ईमेल. शेवटी एक हवालदार म्हणाले, "साहेब, आमच्याकडे रेतनवाल्याजवळ असंच भांडं राहतं." सुटलो. मग बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा.

१४ नोव्हेंबर

बीमलाइन. पहिले दोन स्फटिक बर्फाच्या कड्यांनी भरलेले, बहुधा लूप उचलताना उशीर. तिसरा फुटलेला. चौथ्यावर विवर्तनाचे ठिपके चित्राच्या कडेपर्यंत गेले. २.३ अँगस्ट्रॉमच्या बारकाव्यापर्यंत डेटा पूर्ण आहे. १०० केल्व्हिनच्या झोतात स्फटिक शेवटपर्यंत टिकला. ती खुर्चीवर मांडी घालून प्रत्येक चित्र बघत होती, जेवायला उठली नाही.

इथल्या शास्त्रज्ञांनी एक व्यवहार्य गोष्ट सांगितली: पुढच्या वेळी प्रत्येक अटीतले निम्मेच स्फटिक गोठवून आणा, उरलेले प्लेटेत ठेवा. रोधक चुकला असेल तर परत जाऊन दुरुस्त करता येतो.

५ डिसेंबर

ज्ञात रचना साचा म्हणून वापरायची रीत, मॉलिक्युलर रिप्लेसमेंट, लगेच लागू पडली. बीटा प्रिझमची घडी, जशी हवी तशी. दोन्ही साखरेच्या खाचांत मॅनोजची घनता स्पष्ट. साखळीचे कोन शक्य आहेत का ते दाखवणाऱ्या रामचंद्रन आलेखात भरकटलेलं एकही अमिनो आम्ल नाही. १९६३ साली मद्रासमध्ये बेतलेल्या चौकटीवर आजही सगळ्यांना उभं राहावं लागतं. नवीन काही सापडलं नाही, सापडायचं नव्हतंच. गरापासून ठिपक्यांपर्यंतची आमची वाट चालू आहे, एवढं सिद्ध झालं. जानेवारीपासून विद्यार्थिनी तिच्या खऱ्या प्रथिनावर जाईल.

भौतिकशास्त्राच्या सरांनी डेटा मागून घेतला, त्यांच्या वर्गात विवर्तन शिकवायला. चहा घेतला.

१९ डिसेंबर

उपयोगिता प्रमाणपत्र गेलं. शिल्लक बाबी:

कक्षाच्या खात्याचं लेखी पत्र अजून नाही. वापरशुल्क सध्या सर्वसाधारण निधीतच पडतंय. आजवरच्या पावत्यांच्या प्रती वेगळ्या फाइलला लावल्या.

दादा कंत्राटी. करार ३१ मार्चला संपतो. सील बदलणारा, नायट्रोजनवाल्याला ओळखणारा, कोणता विद्यार्थी इथेनॉल न सोडता जातो ते जाणणारा हा एकच माणूस, आणि यंत्राची वॉरंटी त्याच्या करारापेक्षा लांब आहे. पद मंजुरीचा प्रस्ताव तिसऱ्यांदा टाईप केला. सोबत यंत्राच्या किमतीची पावती जोडली आहे, समितीला आकडे शेजारी शेजारी दिसावेत म्हणून.

पंप सीलचे दोन संच मागवले. सोमवारी सकाळी नंदुरबारचा मुलगा, एफपीएलसी, चार नमुने. बफर त्यानं गाळून आणायचा आहे, तसं कळवलं.